कानपट्टी विणू या!



थंडी पडू लागली, की या पानाच्या टपालात दोन तऱ्हेची पत्रं येतात. पहिली तऱ्हा मुलांची. "शाळेच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्यात. सर सकाळी सहाला मैदानावर बोलावतात. पाय चालतात, दमही टिकतो, पण दुसऱ्या फेरीला कान असे ठणकायला लागतात, की थांबावंच लागतं." दुसरी तऱ्हा आयांची. "रोज कान धरून घरी येतो. कानटोपी दिली तर घालत नाही. शेवटी सराव बंद कर म्हणून सांगितलं. बरोबर केलं ना?"

आता हे भांडण सोडवायचं कसं? सराव बंद करणं हे काही त्याचं उत्तर नव्हे. जानेवारीत शर्यत असेल, तर डिसेंबरात धावायलाच हवं. वर्षभर मेहनत घेतलेल्या मुलाला केवळ कानांसाठी घरी बसवायचं, हे मला पटत नाही. पण कानटोपी न घालणारा मुलगा हट्टी आहे, असंही मी म्हणणार नाही. एकदा कानटोपी घालून पळून बघा! पहिली पाच मिनिटं मोठी सुखाची. मग डोकं तापतं, केसांतून घाम निथळू लागतो, टोपी काढून खिशात कोंबावी लागते आणि नेमका त्याच वेळी ओल्या डोक्याला गार वारा झोंबतो. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

यावरचा मधला मार्ग म्हणजे कानपट्टी. चारेक बोटं रुंद, लोकरीची, ताणणारी पट्टी. कपाळ आणि दोन्ही कान झाकायचे, माथा मोकळा ठेवायचा. कान ऊबदार राहतात आणि डोक्याची वाफ वरून निघून जाते. स्वीडन-नॉर्वेकडे पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून मैलोन् मैल घसरत जाण्याचा खेळ आहे. ते खेळाडू अशीच पट्टी बांधतात. स्वीडिश भाषेत तिला 'पान्नबांड' म्हणतात. 'पान्ना' म्हणजे कपाळ आणि 'बांड' म्हणजे पट्टी. साधं, सरळ नाव!

दुकानात तयार पट्टी मिळते, नाही असं नाही. पण पन्नास ग्रॅम लोकर, दोन सुया आणि आठ संध्याकाळी एवढ्यात ती घरी होते, आणि तीही आपल्या डोक्याच्या मापाची. ज्यांनी आजवर सुई हातात धरलेली नाही, त्यांनाही जमेल अशीच वीण मी आज घेतली आहे.

कान आधी का गारठतात?

आधी आपला कान चाचपून पाहा. कसा वाकतो बघा. आत हाड नाही, लवचीक कूर्चा आहे आणि तिच्यावर पातळ कातडी. गालासारखी चरबी नाही. शरीरात उष्णता तयार करण्याचं मोठं काम स्नायू करतात, तेही कानात नावालाच. शिवाय कान डोक्यापासून बाहेर आलेला, म्हणजे वारा पुढून लागतो आणि मागूनही. कढई चुलीवरून खाली उतरवली, की आधी तिचे कान गार होतात, पोट बराच वेळ गरम राहतं. तसंच हे!

त्यात थंडी वाजली, की शरीर आपल्या आतल्या महत्त्वाच्या अवयवांची काळजी घेतं आणि कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. कानाकडे जाणारं गरम रक्तच कमी होतं. बिचारे कान वाऱ्यावर सोडलेले!

'वाऱ्यावर' हे इथे अगदी शब्दशः घ्या. आपल्या कातडीला लागून हवेचा एक पातळ, कोमट थर असतो. स्थिर उभं राहिलं तर तो टिकतो. वारा आला की उडून जातो. आता पहाटे पान हलत नाही म्हणून वारा नाही असं समजू नका. तुम्ही ताशी दहा किलोमीटरने धावत असाल, तर ताशी दहा किलोमीटरचा वारा तुम्हीच अंगावर ओढवून घेता. सायकलवर त्याच्या दुप्पट. म्हणून मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या सरांचे कान तितके दुखत नाहीत आणि तुमचे दुखतात.

आणखी एक गोष्ट. दिवसातली सर्वांत जास्त थंडी मध्यरात्री नसते, ती असते सूर्योदयाच्या सुमाराला. रात्रभर जमीन उष्णता सोडत राहते आणि सूर्य वर येईपर्यंत ती भरून निघत नाही. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे सहाचा सराव ऐन कडाक्यातला. नाशिक जिल्ह्यातल्या मुलांना हे सांगायला नकोच. निफाडचा पारा किती उतरला, हे हिवाळ्यात वर्तमानपत्रात छापून येतं आणि कडाका वाढला, की तिथले शेतकरी द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात. बागेला शेकोटी आणि मुलांचे कान मात्र उघडे, हे काही ठीक नाही!

आयांसाठी इथेच दोन शब्द. थंड वाऱ्याने कान दुखला, म्हणजे कान पिकला असं नव्हे. ऊब मिळाली की हे दुखणं थोड्या वेळात थांबतं. थांबलं नाही, कानातून पाणी किंवा पू आला, कमी ऐकू येऊ लागलं किंवा ताप आला, तर डॉक्टरांकडे न्या. कोमट तेल कानात घालण्याची आपल्याकडची जुनी सवय मात्र सोडून द्या. पडद्याला भोक असेल तर त्याने अपाय होतो, आणि भोक आहे की नाही, हे आपल्याला घरी बसून दिसत नाही.

"पण माथा उघडा ठेवला तर सगळी ऊब डोक्यातून निघून जाईल ना?" असं आजी हमखास विचारील. डोक्यावाटे शरीराची जवळजवळ निम्मी उष्णता जाते, असं पुष्कळांनी ऐकलेलं असतं. अमेरिकी लष्कराच्या एका जुन्या पुस्तिकेत चाळीस ते पंचेचाळीस टक्के असा आकडाही दिला होता. २००८ साली दोन अमेरिकन डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हा समज चुकीचा असल्याचं दाखवून दिलं. मोठ्या माणसाचं डोकं म्हणजे त्याच्या सर्वांगाच्या कातडीचा साधारण दहावा हिस्सा. अंग उघडं असेल, तर उष्णताही त्याच हिशेबाने जाते. तेव्हा आजीला सांगा, धावणाऱ्याचा माथा उघडा राहिला तर चालेल. धावून झाल्यावर आणि घाम पुसल्यावर मग खुशाल कानटोपी घाला. आजीही खूश!

एका शाळकरी वयाच्या मुलाची युक्ती

कानांच्या या दुखण्यावर एका पंधरा वर्षांच्या मुलाने शोधलेली युक्ती जगभर गाजली. त्याचं नाव चेस्टर ग्रीनवुड. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे, तिथल्या फार्मिंग्टन गावचा हा मुलगा. गोष्ट १८७३ सालची. चेस्टरला गोठलेल्या तळ्यावर, बुटांना पोलादी पाती लावून घसरायला फार आवडायचं. पण थंडी अशी, की कानांपायी त्याला खेळ सोडून घरी परतावं लागे. लोकरीचा रुमाल डोक्याभोवती गुंडाळावा, तर लोकर त्याला टोचायची, खाज सुटायची. (तुमच्यातल्या किती जणांची हीच तक्रार आहे, मला ठाऊक आहे!) शेवटी त्याने एका तारेच्या दोन्ही टोकांना कानाएवढी कडी वळवली आणि त्यांवर मऊ केसाळ कातडं नि कापड शिवून द्यायला आजीला सांगितलं. झाले कानझाकणे तयार! १३ मार्च १८७७ रोजी त्याला त्याचं पेटंटही मिळालं. पुढे त्याने गावात कारखाना काढला. १९७७ साली मेन राज्याने २१ डिसेंबर हा त्याच्या नावाचा दिवस ठरवून टाकला.

मला या गोष्टीतली आजी जास्त आवडते. "घरात बस, कसलं खेळायला जातोस!" असं न म्हणता तिने सुईदोरा हातात घेतला.

लोकर कोणती घ्यावी?

चेस्टरला लोकर का टोचत होती? मेंढीच्या केसांची जाडी सारखी नसते. केस जाड असला, की त्याचं टोक वाकत नाही, ते कातडीत रुततं. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर अशी जाडीभरडी. धनगराच्या खांद्यावरच्या घोंगडीला ती उत्तम, पाऊस-वारा अडवते, पण कपाळाला बांधायला नको. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर मात्र बारीक आणि मऊ. दुकानात गुंडा हाताने दाबून पाहू नका, हाताची कातडी राठ असते. कानामागे किंवा मानेला लावा आणि पाच-दहा सेकंद थांबा. तिथे टोचलं नाही, तर कुठेच टोचणार नाही.

आता एक गुपित. बाजारात आपण जिला सर्रास 'लोकर' म्हणतो, ती बहुतेक वेळा मेंढीची नसतेच! ती असते ॲक्रिलिक, म्हणजे कारखान्यात तयार केलेला धागा. ओळखायचं कसं? घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन, चिमट्यात बोटभर धागा धरून, पाण्याच्या वाटीवर तो पेटवायला सांगा. मेंढीच्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि मागे राहते ती चुरडली जाणारी राख. केसांचा वास येणारच, कारण लोकर, केस आणि नखं सगळी केराटिन नावाच्या एकाच प्रथिनाची बनलेली. ॲक्रिलिक मात्र वितळतं आणि त्याचा टणक काळा मणी होतो. हा प्रयोग एकट्याने करायचा नाही. वितळलेला थेंब हातावर पडला तर चांगलाच भाजतो.

ऊब दोन्हींत असते. कारण ऊब धाग्यात नसते, ती धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेत असते. फरक पडतो तो घामाने. मेंढीची लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के वाफ पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. ॲक्रिलिक जवळजवळ काहीच शोषत नाही, त्यामुळे घाम धाग्यांच्या मध्येच राहतो आणि पट्टी कपाळाला चिकट लागते. पण ॲक्रिलिक स्वस्त, रंग हवे तितके आणि धुवायला सोपं. माझं मत विचाराल तर पहिली पट्टी ॲक्रिलिकचीच विणा. हात बसला, की दुसरी खऱ्या लोकरीची.

मध्यम जाडीची, गुळगुळीत, फिक्या रंगाची लोकर घ्या. गडद रंगात टाके दिसत नाहीत. केसाळ, झिपरी लोकर दिसायला छान, पण तिच्यात चुकलेला टाका शोधायचा म्हणजे गवतात सुई शोधायची. सुया ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीच्या घ्या. आपल्याकडे सुयांच्या नंबरांचं गणित उलटं असतं बरं का! नंबर जेवढा मोठा, तेवढी सुई बारीक. शिवाय मोजपट्टी, कात्री आणि स्वेटर जोडायची जाड, बोथट सुई जवळ ठेवा.

आधी नमुना, मग पट्टी

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण पट्टी डोक्यावर बसणार की गळ्यात पडणार, ते इथेच ठरतं. काहींचा हात घट्ट असतो, काहींचा सैल. म्हणून माझे आकडे जसेच्या तसे उचलू नका. आधी २० टाके घाला आणि ४० ओळी विणून छोटा चौकोन करा.

टाके घालण्याची एक सोपी रीत सांगते. डाव्या सुईवर एक सरकगाठ घ्या. हा पहिला टाका. आता उजव्या सुईचं टोक त्या टाक्यात समोरून मागे घाला. गुंड्याकडून येणारा दोरा त्या टोकाभोवती फिरवा आणि टोकाने तो टाक्यातून समोर ओढून आणा. उजव्या सुईवर नवा फास आला ना? तो डाव्या सुईवर चढवा. झाले दोन टाके. असेच वीस करा.

मग विणायला सुरुवात. क्रिया तीच: टोक टाक्यात समोरून मागे घालायचं, दोरा फिरवायचा, समोर ओढायचा. फरक एवढाच, की आता नवा फास उजव्या सुईवरच ठेवायचा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यायचा. याला सुलट टाका म्हणतात. ओळ संपली की सुया हातांत बदला आणि पुन्हा सगळे सुलट. उलट टाका या पट्टीला लागतच नाही. प्रत्येक ओळ सुलट विणली, की दोन्ही बाजूंना आडव्या उठावदार रेघा येतात. दोन ओळींची एक रेघ. म्हणजे ओळी मोजत बसायला नको, रेघा मोजा आणि दुप्पट करा. ही वीण लांबीत छान ताणते, कडेला वळत नाही आणि जाड असल्यामुळे हवाही पुष्कळ धरून ठेवते. आपल्या कामाला अगदी योग्य.

चौकोन टेबलावर न ताणता पसरा आणि मोजा. समजा, २० टाक्यांची रुंदी १० सेंटिमीटर भरली. म्हणजे एका सेंटिमीटरला २ टाके. आपल्याला पट्टी ९ सेंटिमीटर रुंद हवी, तर ९ गुणिले २, म्हणजे १८ टाके. पण तुमचा हात घट्ट असेल आणि २० टाके ८ सेंटिमीटरमध्येच मावले, तर एका सेंटिमीटरला अडीच टाके होतात. मग साडेबावीस, म्हणजे २२ किंवा २३ टाके घालावे लागतील. हेच ते त्रैराशिक! "गणित पुढे कुठे उपयोगी पडतं?" असं विचारणाऱ्यांनी सुया हातात घ्याव्यात.

आता डोक्याचा घेर. मोजपट्टी भुवयांच्या जरा वरून, दोन्ही कानांवरून, मागे फिरवून घ्या. दहा-बारा वर्षांच्या मुलाचा घेर साधारण ५२-५३ सेंटिमीटर येतो. पट्टी त्याहून पाच सेंटिमीटर लहान करायची. ५२ असेल तर ४७. लोकर ताणते, म्हणून ती लहानच हवी. घेराएवढी केलीत, तर धावताना पट्टी डोळ्यांवर येईल. आठ-दहा सेंटिमीटर लहान केलीत, तर कपाळ दुखेल.

माझ्या चौकोनात ४० ओळींची लांबी १० सेंटिमीटर होती, म्हणजे सेंटिमीटरला ४ ओळी. ४७ सेंटिमीटरला १८८ ओळी, अर्थात ९४ रेघा. १८ टाके गुणिले १८८ ओळी म्हणजे ३,३८४ टाके. घाबरलात? नवशिक्या हाताने मिनिटाला पंधरा टाके धरले, तरी हे काम पावणेचार तासांचं. रोज अर्धा तास बसलात तर आठव्या दिवशी पट्टी तयार.

विणताना दर पाच-सहा ओळींनी टाके मोजायची सवय लावा. १८ चे १९ झाले, तर बहुतेक वेळा चूक ओळीच्या सुरुवातीला असते. दोरा सुईवरून मागे टाकला, की पहिला टाका ओढला जाऊन दुहेरी दिसतो आणि आपण एकाचे दोन विणतो. ओळ सुरू करताना दोरा सुईच्या खालून मागे न्यायचा, म्हणजे हा घोटाळा होत नाही. टाका निसटला तर सुई ओढू नका. निसटलेल्या फासाला सेफ्टी पिन लावून ठेवा आणि जाणत्या माणसाला दाखवा. आणि काम थांबवायचं ते ओळीच्या शेवटी. अर्ध्या ओळीत सुया खाली ठेवल्या, की उद्या कोणत्या दिशेला जायचं, तेच कळत नाही.

लांबी पूर्ण झाली की टाके बंद करा. दोन टाके विणा, मग उजव्या सुईवरचा पहिला टाका दुसऱ्यावरून ओलांडून सोडून द्या. उरला एक. पुन्हा एक विणा, पुन्हा मागचा त्याच्यावरून सोडा. शेवटचा टाका राहिला, की ३० सेंटिमीटर दोरा ठेवून कापा आणि तो त्या टाक्यातून ओवून घ्या. याच दोऱ्याने बोथट सुईने पट्टीची दोन टोकं जोडायची. टोकं एकमेकांवर चढवू नका, नुसती काठाला काठ भिडवून शिवा. नाहीतर जोडाची जाड वळी मागे डोक्याला बोचत राहते.

वेण्या घालणाऱ्या आणि केस उंच बांधणाऱ्या मैत्रिणींची अडचण वेगळी. त्यांना मागे रुंद पट्टी नको. त्यांनी १२ टाक्यांवर सुरुवात करावी. १६ ओळी साध्या विणाव्यात. नंतर दर चौथ्या ओळीला दोन्ही टोकांना एकेक टाका वाढवावा, असं चार वेळा. (टाका वाढवायचा म्हणजे एकाच टाक्यात एकदा पुढून आणि एकदा मागून विणायचं, मग तो सोडायचा.) आता २० टाके झाले. त्यांवर १२४ ओळी सरळ. मग दर चौथ्या ओळीला दोन्ही टोकांना दोन-दोन टाके एकत्र विणून, चार वेळांत पुन्हा १२ वर यायचं आणि १६ ओळी विणून बंद करायचं. ओळींची बेरीज करून पाहा, १८८ येते की नाही! अशी पट्टी कानांवर रुंद आणि मानेवर अरुंद होते, आणि केसांच्या खालून सहज जाते.

"विणकाम मुलींचं!"

हे वाक्य मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणणारच. अशा मुलांना दक्षिण अमेरिकेत नेऊन आणायला हवं. पेरू देशात टिटिकाका नावाचं प्रचंड सरोवर आहे. त्यातल्या ताकिले बेटावर टोप्या विणायचं काम पुरुषांचं. मुलगे लहानपणीच सुया धरतात. अविवाहिताची टोपी वेगळी, लग्न झालेल्याची वेगळी, आणि टोपी चांगली विणता आली पाहिजे, अशी तरुणाकडून अपेक्षा असते. २००५ साली युनेस्कोने ताकिलेच्या या विणकामाला मानवजातीच्या वारशाचा मान दिला. तिथल्या एखाद्या मुलाला "विणकाम मुलींचं" म्हणून सांगितलंत, तर तो पोट धरधरून हसेल.

आपल्या शाळांतूनही कार्यानुभवाच्या तासाला मुलग्यांनी विणलेले रुमाल मी पाहिले आहेत. काही तर वर्गात सर्वांत सफाईचे होते.

पट्टी बांधून मैदानावर

घरातून निघताना पट्टी कोरडी असली पाहिजे. पहिल्यांदा हळू धावा. अंग चांगलं तापलं आणि कान गरम लागू लागले, की पट्टी वर सरकवून कान थोडे मोकळे करा. सराव संपला की ओली पट्टी डोक्यावर ठेवून गप्पा मारत उभे राहू नका. ती काढा, कपाळ पुसा, सुकी टोपी किंवा रुमाल बांधा.

लोकरीने ऐकू येणं थोडं कमी होतं. मैदानात त्याने बिघडत नाही, पण रस्त्यावर धावत असाल तर जपा. समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या कडेने धावा आणि अंधार असेल तर फिक्या, ठळक रंगाचे कपडे घाला. पट्टीखाली गाणी ऐकायची यंत्रं नकोतच. सायकलवाल्यांनी हेल्मेटखाली ही जाड पट्टी घालू नये. तिच्यामुळे हेल्मेट वर उचललं जातं आणि पट्टे ढिले बसतात. त्यांनी बारीक लोकर आणि बारीक सुया घेऊन पातळ पट्टी विणावी आणि ती घालूनच हेल्मेटचे पट्टे नव्याने बसवून घ्यावेत.

घामाची पट्टी आठवड्यातून एकदा तरी धुवा. मेंढीच्या लोकरीला गरम पाणी आणि चोळणं दोन्ही वर्ज्य. तिच्या प्रत्येक केसावर माशासारखे बारीक खवले असतात. ते गरम पाण्यात चोळले, की एकमेकांत अडकतात आणि पट्टी आटून बाहुलीच्या मापाची होते! गार पाण्यात सौम्य साबण, हलकेच दाबणं, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत आडवी पसरून वाळवा. दोरीवर लोंबती टाकली, तर पाण्याच्या वजनाने लांबते. ॲक्रिलिकची पट्टी इतकी नाजूक नसते, पण तिला गरम इस्त्री लावू नका. उठावदार रेघा सपाट होतात आणि मग काही केल्या परत येत नाहीत.

पन्नास ग्रॅममधली थोडी लोकर उरेल. ती टाकू नका, पुढच्या आठवड्यात आपल्याला लागणार आहे. तोवर तुमच्या चौकोनात २० टाके किती सेंटिमीटर भरले आणि पट्टी किती टाक्यांची झाली, ते जरूर कळवा. पट्टी विणून सरावाला पुन्हा जाऊ लागलेल्यांनी तर नक्कीच, आणि आईनेही खाली दोन ओळी लिहिल्या तर उत्तमच.